मान्चिनी आडनावाची माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातमीत नुसतं ‘मान्चिनी’ असतं. ते नेमके कोण?

खेळाच्या पानावर असेल तर बहुधा रोबेर्तो मान्चिनी. जन्म 27 नोव्हेंबर 1964, गाव येझी, इटलीचा मार्के प्रांत. आधी आघाडीचा खेळाडू, मग प्रशिक्षक. मँचेस्टर सिटीला 2012 मध्ये प्रीमियर लीग आणि इटलीला 2021 मध्ये युरो चषक जिंकून दिला तो हाच. पण मजकूर बॉक्सिंगचा, सिनेसंगीताचा किंवा चौदाव्या लुईच्या दरबाराचा असेल, तर मान्चिनी वेगळा. पाचशे वर्षांत या आडनावाची इतकी माणसं नावारूपाला आली आहेत की पहिलं नाव, गाव आणि साल या तीन गोष्टी जुळल्याशिवाय कुणाबद्दल काही ठरवू नये.

ही सगळी एकाच घराण्यातली आहेत का?

नाही. सगळे कुलकर्णी जसे एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसंच हे. इटालियनमध्ये ‘मान्चिनो’ म्हणजे डावखुरा. एखाद्या डावऱ्या माणसाला गावाने ठेवलेलं टोपणनाव त्याच्या मुलाबाळांना चिकटलं, शेवटी अनेकवचनी ‘ई’ लागला आणि आडनाव झालं. डावरी माणसं प्रत्येक गावात असतात, त्यामुळे हे आडनाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालं. मध्य इटलीत ते जास्त आढळतं. खाली आलेल्यांपैकी एका कुटुंबातली म्हणावीत अशी फक्त सतराव्या शतकातल्या बहिणी आणि अमेरिकेतले बॉक्सर बापलेक.

रोबेर्तो मान्चिनी खेळाडू म्हणून कसा होता?

सोळाव्या वर्षी, सप्टेंबर 1981 मध्ये, तो बोलोन्याकडून सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरला. त्या हंगामात त्याने नऊ गोल केले, तरीही संघ खालच्या श्रेणीत घसरला. 1982 मध्ये साम्पदोरियाने त्याला घेतलं आणि पुढची पंधरा वर्षं तो तिथेच रमला. जिआनलुका विआल्ली आणि मान्चिनी ही जोडी त्या काळात गाजली. 1990 चा कप विनर्स कप आणि 1990-91 चं लीग विजेतेपद त्यांनी मिळवलं. साम्पदोरियाचं ते आजवरचं एकमेव लीग विजेतेपद.

1997 नंतर तो लाझिओत गेला आणि तिथे 2000 मध्ये पुन्हा लीग जिंकली. 2001 च्या जानेवारीत थोडे दिवस तो इंग्लंडच्या लेस्टर सिटीकडून खेळला होता हे अनेकांना आठवत नाही. तिथे लीगचे चारच सामने झाले.

एवढा गुणी खेळाडू, मग इटलीकडून फक्त 36 सामने का?

प्रशिक्षकांशी खटके. 1984 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर तो न सांगता रात्री न्यूयॉर्कमध्ये बाहेर पडला. प्रशिक्षक एन्झो बेआर्झोत यांनी त्यानंतर त्याला कधीच बोलावलं नाही. 1988 च्या युरोत तो खेळला, पश्चिम जर्मनीविरुद्ध गोलही केला. 1990 चा विश्वचषक इटलीतच होता, मान्चिनी संघातही होता, पण एक मिनिटसुद्धा मैदानावर उतरला नाही. पुढे प्रशिक्षक आरीगो साक्कींशी जमलं नाही आणि 1994 मध्ये कारकीर्द थांबली. एकूण 36 सामने, 4 गोल. युरो जिंकणाऱ्या या प्रशिक्षकाने विश्वचषकात स्वतः कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि प्रशिक्षक म्हणूनही इटलीला तो तिथे नेऊ शकला नाही.

प्रशिक्षक म्हणून त्याची वाटचाल क्रमाने सांगाल का?

फिओरेन्तिना (2001), लाझिओ (2002-04), इंटर मिलान (2004-08), मँचेस्टर सिटी (डिसेंबर 2009 ते मे 2013), गलातासराय (2013-14), पुन्हा इंटर (2014-16), झेनित सेंट पीटर्सबर्ग (2017-18), इटली (मे 2018 ते ऑगस्ट 2023), सौदी अरेबिया (ऑगस्ट 2023 ते ऑक्टोबर 2024).

पहिल्या दोन क्लबांची तिजोरी तेव्हा रिकामी होत चालली होती. तरी दोन्हीकडे त्याने कोप्पा इतालिया हा इटलीचा राष्ट्रीय चषक जिंकला.

इंटरच्या तीन विजेतेपदांवरून वाद का होतो?

2005-06 मध्ये इंटर मैदानावर तिसरा आला होता. मग पंचांच्या नेमणुकांचं ‘काल्चोपोली’ प्रकरण बाहेर पडलं. पहिल्या आलेल्या युव्हेंटसचं विजेतेपद काढून घेतलं गेलं, दुसऱ्या आलेल्या एसी मिलानचे गुण कापले गेले आणि विजेतेपद इंटरकडे आलं. युव्हेंटसचे चाहते ते आजही मान्य करत नाहीत. मात्र 2006-07 मध्ये इंटरने लीगमध्ये सलग 17 सामने जिंकून 97 गुण मिळवले. त्याबद्दल बोट ठेवायला जागा नाही. युव्हेंटस त्या वर्षी खालच्या श्रेणीत होता, एवढं ध्यानात घ्यावं.

मँचेस्टर सिटीचं ते शेवटच्या क्षणाचं विजेतेपद म्हणजे नेमकं काय झालं?

13 मे 2012. सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघांचे गुण समान, सिटीचा गोलफरक आठने सरस. म्हणजे युनायटेडने जिंकलं तरी सिटीला घरच्या मैदानावर क्वीन्स पार्क रेंजर्सला हरवणं पुरेसं होतं. पाहुण्यांचा एक खेळाडू बाहेर काढला गेल्याने ते दहावर आले होते, तरी 90 मिनिटांनंतर सिटी 1-2 ने मागे. भरपाईच्या वेळेत आधी जेकोने बरोबरी केली, मग 93 मिनिटं 20 सेकंदांवर अग्वेरोने गोल मारला. सामना 3-2. सिटीला 44 वर्षांनी लीग मिळाली.

बरोबर एक वर्षाने, 13 मे 2013 ला, मान्चिनीला काढलं. दोन दिवस आधी एफए कपच्या अंतिम सामन्यात सिटी विगनकडून 0-1 ने हरला होता. विगन त्याच आठवड्यात लीगमधून खाली घसरला. दोन वर्षांपूर्वी हाच कप जिंकून मान्चिनीने सिटीचा 35 वर्षांचा दुष्काळ संपवला होता, पण ती पुण्याई कामी आली नाही.

37 सामने न हरणारा इटलीचा संघ विश्वचषकाला कसा मुकला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. 2018 चा विश्वचषक हुकलेला संघ मान्चिनीच्या हाती आला. त्याने मधल्या फळीत जॉर्जिन्यो, वेराती आणि बारेल्ला यांच्यासारखे चेंडू पायाशी ठेवणारे खेळाडू उभे केले आणि युरोच्या पात्रता फेरीतले दहाच्या दहा सामने जिंकले. 11 जुलै 2021 ला वेम्ब्लीवर अंतिम सामना. इंग्लंडने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, बोनुच्चीने 67 व्या मिनिटाला फेडला, आणि पेनल्टीवर इटली 3-2 ने जिंकली. ऑक्टोबरमध्ये नेशन्स लीगच्या उपांत्य सामन्यात स्पेनने हरवेपर्यंत 37 सामने न हरण्याची ही मालिका चालली.

गंमत अशी की विश्वचषकाच्या पात्रता गटात इटली एकही सामना हरली नाही. बरोबऱ्यांनी घात केला. स्वित्झर्लंडविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत जॉर्जिन्योने पेनल्टी वाया घालवली आणि दोन्ही अनिर्णित राहिले. शेवटी उत्तर आयर्लंडशी 0-0. गटात दुसरा क्रमांक, म्हणून प्लेऑफ. 24 मार्च 2022 ला पालेर्मोत उत्तर मॅसेडोनियाविरुद्ध इटलीने गोलावर तीसहून जास्त फटके मारले, पण एकही आत गेला नाही. मग 92 व्या मिनिटाला त्रायकोव्स्कीने लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला. हक्काने गोल करणारा स्ट्रायकर नव्हता, हे दुखणं युरोच्या वेळीही होतं. जिंकत असताना ते झाकलं गेलं.

वेम्ब्लीवर तो विआल्लीच्या गळ्यात पडून रडला, त्यामागे काय होतं?

1992 मध्ये जुन्या वेम्ब्लीवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात साम्पदोरिया बार्सिलोनाकडून हरला होता. ज्यादा वेळेत कूमनच्या फ्री-किकवर एकमेव गोल झाला. मान्चिनी आणि विआल्ली दोघेही त्या संघात होते. 29 वर्षांनी एक प्रशिक्षक, दुसरा संघासोबतचा प्रमुख अधिकारी. विआल्लीचे तेव्हा कर्करोगाशी दोन हात चालू होते. 6 जानेवारी 2023 ला त्याचं निधन झालं.

‘मान्चिनीचा टाचेने मारलेला गोल’ शोधला तर दोन वेगवेगळे व्हिडिओ येतात. खरा कोणता?

दोन्ही खरे, माणसं दोन. पहिला 1999 चा: पार्माविरुद्ध, लाझिओच्या निळ्या जर्सीत, मिहायलोविचच्या कॉर्नरवर रोबेर्तोने चेंडू जमिनीला टेकू न देता टाचेने मारला. दुसरा नोव्हेंबर 2003 चा: रोमाकडून, तोही लाझिओविरुद्ध, टाचेनेच. तो मारणारा ब्राझीलचा अमान्तिनो मान्चिनी.

याचं आडनाव मुळात मान्चिनी नाहीच. पूर्ण नाव अलेसांद्रो फायोल्ये अमान्तिनो, ‘मान्चिनी’ हे मैदानावरचं टोपणनाव. त्यात भर म्हणजे 2008 मध्ये रोबेर्तो इंटरमधून गेला आणि त्याच उन्हाळ्यात अमान्तिनो इंटरमध्ये आला. त्या वर्षीच्या बातम्या वाचताना ‘मान्चिनी इंटर’ एवढ्यावर विसंबलात तर हमखास फसाल.

फुटबॉलमध्ये आणखी कोण मान्चिनी आहेत?

जिआनलुका मान्चिनी, जन्म 1996, पोंतेदेरा, रोमाचा बचावपटू. 2023 च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात सेव्हियाविरुद्ध त्याच्याकडून स्वयंगोल झाला आणि नंतर त्याची पेनल्टीही अडवली गेली. रोबेर्तोच्या काळातच तो इटलीच्या संघात आला, म्हणून ‘मुलगा का?’ असं विचारलं जातं. नाही.

फ्रान्को मान्चिनी, गोलरक्षक, प्रशिक्षक झेमान यांच्या फोज्जा संघातला. गोलखांब सोडून पुढे येऊन खेळणारा. मार्च 2012 मध्ये पेस्काराचा गोलरक्षक-प्रशिक्षक असताना वारला.

टेरी मान्चिनी, 1970 च्या दशकातला क्वीन्स पार्क रेंजर्स आणि आर्सेनलचा बचावपटू. जन्म लंडनचा, खेळला आयर्लंडकडून.

आणि वाग्नेर मान्चिनी, ब्राझीलचा प्रशिक्षक. ‘प्रशिक्षक मान्चिनी’ एवढंच लिहिलं तर घोळ होतो तो याच्यामुळे. 2005 मध्ये पाउलिस्ता या छोट्या क्लबला त्याने कोपा दो ब्राझील हा तिथला राष्ट्रीय चषक जिंकून दिला. 2016 च्या विमान अपघातात जवळजवळ सगळा संघ गमावलेल्या शापेकोएन्सेची नव्याने उभारणी करायची जबाबदारी 2017 मध्ये त्याच्यावर आली. मजकुरात संघ ब्राझीलचा असेल तर हा.

‘पिंक पँथर’ची धून रचणारा मान्चिनी रोबेर्तोचा नातेवाईक का?

नाही. हेन्री मान्चिनी, मूळ नाव एन्रिको निकोला, जन्म 1924, क्लीव्हलँड, ओहायो. वडील इटलीच्या आब्रुत्सो भागातल्या स्कान्नो गावाहून अमेरिकेत आलेले पोलाद कामगार. घरात बासरी वाजायची, मुलाच्या हाती पिकोलो ही छोटी बासरी दिली गेली. युद्धानंतर तो ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदासाठी पियानो वाजवू लागला आणि वाद्यमेळ लिहू लागला.

‘पिंक पँथर’ची ती दबक्या पावलांची चाल टेनर सॅक्सोफोनवर वाजते. वादक प्लास जॉन्सन. चोराने अंधारात पाऊल टाकावं तसे दोन-दोन स्वर खालून वर सरकतात, मध्ये थांबतात, पुन्हा सरकतात. ‘मून रिव्हर’ ही चालही हेन्रीचीच. ते गाणाऱ्या अभिनेत्री ऑड्री हेपबर्नच्या आवाजाचा पल्ला मर्यादित होता, म्हणून त्याने चाल एका सप्तकाच्या थोडीशीच बाहेर जाईल अशी बांधली. चार ऑस्कर, वीस ग्रॅमी. निधन 1994.

बॉक्सर ‘बूम बूम’ मान्चिनीचं खरं आडनाव मान्चिनो होतं, हे खरं का?

हो. रे मान्चिनी, जन्म 1961, यंग्सटाउन, ओहायो. वडील लेनी हेही लाइटवेट गटातले नावाजलेले बॉक्सर. रिंगणात त्यांनी मान्चिनी हे नाव घेतलं आणि ‘बूम बूम’सकट ते मुलाकडे आलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी झाल्याने लेनींची जगज्जेतेपदाची संधी हुकली. मे 1982 मध्ये रेने पहिल्याच फेरीत आर्तुरो फ्रियासला हरवून ते मिळवलं.

सहा महिन्यांनी, 13 नोव्हेंबर 1982 ला लास वेगासमध्ये, दक्षिण कोरियाच्या किम दुक-कूविरुद्धची लढत चौदाव्या फेरीत थांबवली गेली. मेंदूत रक्तस्राव होऊन किम काही दिवसांत गेला. जगज्जेतेपदाची लढत तेव्हा पंधरा फेऱ्यांची असे. या मृत्यूनंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने ती बारावर आणली आणि त्या दशकात इतर संघटनांनीही तेच केलं. आज बारा फेऱ्या का, याचं उत्तर या लढतीत आहे.

चौदाव्या लुईची प्रेयसी मारी मान्चिनी कोण?

फ्रान्सचा कारभार चालवणारा कार्डिनल माझारँ मूळचा इटालियन. त्याच्या बहिणीचं लग्न रोममधल्या लोरेन्झो मान्चिनीशी झालं होतं. मामाने भाच्यांना फ्रान्सला आणून मोठमोठ्या घरांत दिलं. पाच बहिणी: लोर, ओलँप, मारी, ओर्तान्स, मारी-आन.

मारीवर तरुण लुईचा जीव जडला होता, लग्नाची भाषाही झाली. माझारँला स्पेनशी तह हवा होता, त्यासाठी राजाचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी व्हायला हवं होतं. 1659 मध्ये मारीला दरबारापासून दूर धाडलं गेलं, 1660 मध्ये लुईचं लग्न झालं. स्वतःची भाची राणी होत असताना आडवा आलेला हा मामा राजकारणी म्हणून पक्का होता, हे मानावं लागतं. मारीला 1661 मध्ये रोमच्या कोलोन्ना घराण्यात दिलं. ओर्तान्स नवऱ्याच्या धर्मवेडाला कंटाळून पळाली आणि शेवटी लंडनला दुसऱ्या चार्ल्सच्या आश्रयाला राहिली. दोघींनी स्वतःच्या आठवणी छापल्या, त्या काळात बायकांनी असं करणं फार दुर्मीळ. ओलँपचा मुलगा म्हणजे सेनापती युजीन ऑफ सव्हॉय. लुईने त्याला सैन्यात घेतलं नाही, मग तो ऑस्ट्रियाकडे गेला आणि 1704 मध्ये ब्लेनहाइमला लुईच्याच सैन्याला धूळ चारली.

शोधताना अडचण अशी की या बहिणी ग्रंथसूचीत ‘मान्चिनी’खाली सापडतीलच असं नाही. ओर्तान्स ‘डचेस ऑफ माझारँ’, ओलँप ‘काउंटेस ऑफ स्वासों’, मारी-आन ‘डचेस ऑफ बुईयों’ अशाही नोंदल्या जातात.

लंडनच्या टॉवरमधल्या राजपुत्रांबद्दल लिहिणारा मान्चिनी?

दोमेनिको मान्चिनी. 1483 मध्ये लंडनमध्ये होता, तिसऱ्या रिचर्डच्या राज्याभिषेकाच्या सुमारास परतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लॅटिनमध्ये वृत्तान्त लिहिला. रिचर्डचे दोन्ही पुतणे, म्हणजे टॉवरमधले राजपुत्र, ही मुलं खिडक्यांच्या गजाआड दिवसेंदिवस कमी दिसू लागली आणि मग दिसेनाशी झाली, ही नोंद त्याची. मुलांना कुणी मारलं हे तो सांगत नाही. अफवा ऐकल्या, खात्री नाही, असं म्हणतो, आणि म्हणूनच त्याची साक्ष वजनदार वाटते. हस्तलिखित 1934 मध्ये फ्रान्समधल्या लील इथे सापडलं, 1936 मध्ये छापलं गेलं. त्याआधीच्या इतिहासकारांसमोर ते नव्हतंच, तेव्हा जुनं पुस्तक वाचताना तेवढं पाहावं.

चित्रकलेत दोन मान्चिनी आहेत ना?

चित्रकार एकच, आन्तोनिओ (1852-1930). दुसरा जुलिओ (1559-1630), सिएनाचा वैद्य, पोप आठव्या अर्बनचा डॉक्टर आणि चित्रांचा दर्दी. चित्रकार काराव्हाजोबद्दलची सुरुवातीची माहिती त्याच्याकडून मिळते. अस्सल आणि नक्कल ओळखायची त्याची युक्ती आजही कामाची आहे: केस, दाढी आणि डोळे पाहा. केसांची वळणं चित्रकार सही करावी तशी एका झटक्यात काढतो. नक्कल करणारा बिचकत काढतो आणि तिथेच पकडला जातो.

आन्तोनिओची पद्धत न्यारी. सारख्या अंतरावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणलेल्या दोन चौकटी घ्यायच्या. एक समोर बसलेल्या माणसापुढे, दुसरी कॅनव्हासपुढे. पहिलीच्या ज्या चौकोनात जे दिसेल ते दुसरीच्या त्याच चौकोनात उतरवायचं. रंगाचा थर इतका जाड की दोऱ्यांचे वळ त्यात उमटून राहायचे, आणि त्याने ते पुसले नाहीत. काही चित्रांत काचेचे तुकडे आणि चमकीही रंगात रुतवलेली आहे. छापील चित्रात यातलं काही कळत नाही. प्रत्यक्ष चित्र बाजूच्या तिरप्या उजेडात पाहावं.

कायद्याच्या पुस्तकात येणारा मान्चिनी?

पास्क्वाले स्तानिस्लाओ मान्चिनी (1817-1888). आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया राज्य नसून राष्ट्र आहे, ही मांडणी त्याने 1851 मध्ये तुरिनच्या व्याख्यानात केली. 1873 मध्ये गेंट इथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कायदा संस्थेचा तो पहिला अध्यक्ष. तो इटलीचा परराष्ट्रमंत्री असताना जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी 1882 चा त्रिपक्षीय करार झाला आणि 1885 मध्ये इटलीने तांबड्या समुद्रावरचं मस्सावा बंदर घेतलं. प्रत्येक राष्ट्राला स्वतःचं राज्य हवं म्हणणाऱ्याने आफ्रिकेत वसाहतीचा श्रीगणेशा केला, ही विसंगती त्याच्या टीकाकारांनी तेव्हाच दाखवली.

मॅझिनी आणि मान्चिनी एकच का?

अजिबात नाही. सावरकरांनी 1907 मध्ये मराठीत आणलेला तो जुझेप्पे मॅझिनी, जेनोव्हाचा क्रांतिकारक. दोघं समकालीन, दोघंही राष्ट्रवादी, म्हणून गल्लत होते. मान्झिनी आणि मान्झोनी हीसुद्धा निराळी आडनावं.

आमच्या घरात इटलीकडचे मान्चिनी पूर्वज आहेत. शोध कसा घ्यावा?

आधी गाव शोधा. ‘इटली’ किंवा ‘नेपल्स’ एवढ्यावर काही हाती लागत नाही, कारण नोंदी गावनिहाय आहेत. जहाजाची प्रवासी यादी, नागरिकत्वाचे कागद, चर्चमधली लग्नाची नोंद यांत गावाचं नाव असतं.

मग इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं ‘आन्तेनाती’ हे मोफत संकेतस्थळ पाहा. नावाने शोधण्याची सोय सगळ्या नोंदींना नाही. बऱ्याचदा वर्षाच्या वहीच्या शेवटची सूची उघडून पानं चाळावी लागतात. दक्षिणेत नागरी नोंदी साधारण 1809 पासून, सिसिलीत 1820 पासून, बाकी बऱ्याच भागात 1866 पासून. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत.

लग्नासोबत जोडलेले कागद सोडू नका. त्यांत वधूवरांचे जन्मदाखले असतात आणि वडील हयात नसतील तर पुष्कळदा आजोबांच्या मृत्यूचा दाखलाही. एका लग्नात तीन पिढ्या सापडतात.

चुका ठरलेल्या आहेत. ‘7 ब्रे’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. तसंच ‘8 ब्रे’ म्हणजे ऑक्टोबर, ‘9 ब्रे’ नोव्हेंबर, ‘10 ब्रे’ डिसेंबर. वडिलांच्या नावाआधी ‘दी’ असेल तर ते तेव्हा हयात होते, ‘फू’ असेल तर वारलेले. त्यावरून मृत्यूचं साल कोणत्या दोन तारखांच्या मध्ये शोधायचं ते ठरतं. बायकांच्या नोंदी माहेरच्या आडनावाने असतात. आणि आडनाव आधी, नाव नंतर लिहिलं जातं, म्हणून ‘मान्चिनी फ्रान्को’ पाहून फ्रान्कोला आडनाव समजू नका. त्या गावात मान्चिनी शेवटचा ‘ओ’ घेऊन ‘मान्चिनो’ असाही लिहिला गेला असेल, तर दोन्ही नावांखाली पाहा.

मराठीत कसं लिहावं आणि शोधावं?

इटालियन उच्चारात ‘ची’वर जोर असतो आणि ‘च’ चहातला. ‘मॅन्सिनी’ हे मराठी वर्तमानपत्रांत रुळलेलं रूप उच्चाराला धरून नाही, पण शोधताना तेच जास्त कामी येतं. मान्चिनी, मानचिनी, मॅन्चिनी आणि मॅन्सिनी अशा चारही रूपांनी शोध घ्या, सोबत पहिलं नाव आणि संघाचं किंवा शहराचं नाव टाका. लेखात पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव द्या, आणि एकाच लेखात दोन मान्चिनी येत असतील तर शेवटपर्यंत पहिल्या नावानेच लिहा.